डेकचा रंग मधाळ नव्हता : युद्धनौकांच्या प्रतिकृतींमधील एका लाडक्या असत्याविषयी

१/ काचेच्या पेटीत शिडाच्या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवलेली असते. दोरखंड अचूक, तोफांची संख्या अचूक, नाळेवरची कोरीव मूर्तीही अचूक. डेक मात्र मधात बुडवून काढल्यासारखा तपकिरी, त्यावर वॉर्निशची झळाळी, आणि फळ्याफळ्यांमध्ये पट्टीने आखलेल्या काळ्याभोर रेषा. पाहणारे मान डोलावून म्हणतात, ‘अगदी खरी वाटते!’ हा धागा त्या ‘खरी वाटते’च्या विरोधात आहे. असा डेक कोणत्याही लढाऊ जहाजावर महिनाभरदेखील टिकला नसता.

२/ रंगाच्या एका छटेवरून एवढा वाद कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. जहाजाच्या बाजूंचा रंग रंगाऱ्याच्या डब्यातून येई. डेकचा रंग मात्र डब्यातून येत नसे. तो ऊन, खारे पाणी आणि खलाशांचे हात यांनी मिळून घडवलेला असे. इतिहासाची पुस्तके सेनापतींची नावे जपतात. ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, त्या शेकडो माणसांच्या रोजच्या कामाची खूण डेकच्या रंगात उरते. तपकिरी वॉर्निश नेमकी तीच खूण पुसते.

३/ प्रथम लाकूड पाहावे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील ब्रिटिश युद्धनौकांचा सांगाडा ओकचा असला, तरी डेकच्या फळ्या बहुतांशी पाइन जातीच्या, बाल्टिक किनाऱ्यावरून आणलेल्या लाकडाच्या असत. जेथे जड तोफांचा भार पडे, तेथे ओक वापरीत. ताजे पाइन फिकट पिवळसर दिसते. म्हणजे ज्या दिवशी सुताराने शेवटचा रंधा मारला, त्या दिवशीही हा डेक तपकिरी नव्हता. अक्रोडी रंगाची छटा त्याच्या आयुष्यात कधीच येणार नव्हती.

४/ मग ऊन येते. सूर्याचे अतिनील किरण लाकडाच्या पृष्ठभागावरील लिग्निन हे द्रव्य मोडून टाकतात. लाकडाला पिवळी-तपकिरी झाक देण्यात याच द्रव्याचा मोठा वाटा असतो. मोडलेले लिग्निन पाण्याबरोबर वाहून जाते, आणि वर उरतात सेल्युलोजचे फिकट, राखाडी तंतू. उघड्यावर, विनारंगाचे ठेवलेले जवळजवळ कोणतेही लाकूड याच वाटेने जाते. समुद्रावर ऊन दुहेरी असते, वरून थेट आणि खालून पाण्यावरून परावर्तित. तेथे हा बदल घडायला वर्षे लागत नाहीत.

५/ ऊन आणि पाणी यांचे काम निसर्गाचे. त्यापुढचे काम माणसांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश नौदलात ‘होलीस्टोन’ने डेक घासण्याची रीत दृढ झाली. होलीस्टोन म्हणजे मऊ वालुकाश्माचा तुकडा. डेकवर समुद्राचे पाणी ओतायचे, वाळू पसरायची आणि त्या दगडाने फळ्या लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासत जायचे. मग पुन्हा पाणी, मग पुसणे. हे पहाटे चार वाजता सुरू होणाऱ्या पाळीत, न्याहारीच्या आधी चाले. उष्ण कटिबंधात असो की उत्तर समुद्रातील हिवाळ्यात असो.

६/ खलाशांनी या दगडांना नावे दिली होती. मोठ्या दगडाला ‘बायबल’, आणि कोपऱ्याकापऱ्यांत फिरवायच्या लहान दगडाला ‘प्रार्थनापुस्तक’. कारण उघड आहे : हे काम गुडघे टेकून करावे लागे. पाटलोणीचे पाय वर गुंडाळून, अनवाणी, ओल्या वाळूवर गुडघे रुतवून रांगेने पुढे सरकणारी माणसे डोळ्यांसमोर आणावीत. देवाच्या दारात टेकायचे गुडघे येथे कप्तानाच्या डेकसाठी टेकले जात, आणि हा विनोद त्यांना स्वतःलाच सुचला होता.

७/ या कामाचा आवाका लक्षात घ्यावा. ‘व्हिक्टरी’ या पहिल्या श्रेणीच्या नौकेच्या तोफा-डेकची लांबी १८६ फूट, म्हणजे सुमारे ५७ मीटर. असे तोफांचे तीन मजले, आणि त्यांच्यावर उघडे डेक निराळेच. १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत तिच्यावर सुमारे ८२० माणसे होती. लढाई एका दुपारची; घासाई मात्र वर्षानुवर्षांची. त्या खलाशांच्या हातांनी तोफेच्या दोरापेक्षा वाळूचा दगड कितीतरी अधिक वेळा धरला असेल.

८/ मग त्या डेकचा रंग कसा होता? मराठी घरातच त्याचे उत्तर आहे. एकाच झाडाच्या लाकडातून एक पोळपाट आणि एक देव्हारा करावा. देव्हाऱ्याला पॉलिश होते, तो तपकिरी आणि चकचकीत राहतो. पोळपाट रोज पाण्याने घासला जातो. वर्षभरात तो पांढरट, कोरडा, किंचित खरखरीत दिसू लागतो. युद्धनौकेचा डेक पोळपाटाच्या कुळातला होता. प्रतिकृतीकार मात्र तो देव्हाऱ्याच्या कुळात बसवतात.

९/ घासाई किती जबर होती, याचा पुरावा तिच्या शेवटातही आहे. अमेरिकी नौदलाने १९३१ मध्ये सर्वसाधारण आदेश काढून होलीस्टोनने डेक घासण्याला आळा घातला. कारण दयेचे नव्हते, खर्चाचे होते : घासून घासून फळ्या झिजत आणि त्या बदलण्याचा खर्च फार येई. लाकडाच्या जाड फळ्या झिजवणारे हे काम वॉर्निशचा पातळ थर कसा राहू देईल? ज्यांना चकचकीत डेक हवा आहे, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

१०/ हर्मन मेलव्हिल १८४३-४४ मध्ये अमेरिकेच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या युद्धनौकेवर साधा खलाशी होता. त्या अनुभवावर त्याने १८५० मध्ये ‘व्हाइट-जॅकेट’ लिहिले. चाबकाच्या शिक्षेविरुद्धचे पुस्तक म्हणून ते प्रसिद्ध आहे; पण डेकच्या या अखंड ओल्या धुलाईवरही त्यात कडवट टीका आहे. थंडीत ओलसर लाकडावर वावरणाऱ्या माणसांच्या तब्येतीची कोणाला पर्वा नव्हती, हा त्याचा सल. त्याला खुपणारी ती पांढरी स्वच्छता प्रतिकृतीच्या तपकिरी डेकवर शोधूनही सापडत नाही.

११/ वॉर्निशविरुद्ध दुसरा पुरावा लढाईचा आहे. लढाईपूर्वी डेकवर वाळू टाकीत, पाय घसरू नयेत म्हणून. खलाशी बहुधा अनवाणी, डेक डोलणारा, तोफ सुटताच कित्येक मणांचा तोफगाडा मागे उसळणारा. अशा जागी गुळगुळीत झळाळी म्हणजे अपघाताला आमंत्रण. जो डेक पाय धरून ठेवण्यासाठी वाळूने माखला जाई, तोच आज आरशासारखा चमकताना दिसतो आणि त्याला पारितोषिके मिळतात.

१२/ एवढे स्पष्ट पुरावे असताना हा मधाळ रंग आला कोठून? त्याचे पहिले उगमस्थान संग्रहालयच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष नौकांच्या बरोबरीने सुबक लाकडी प्रतिकृती तयार होत. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. त्या फळझाडांच्या आणि बॉक्सवुडसारख्या घट्ट पोताच्या लाकडांत कोरलेल्या, तेल-वॉर्निश दिलेल्या, आणि तीन शतकांत गडद झालेल्या. तो रंग प्रतिकृतीच्या लाकडाचा आणि म्हाताऱ्या वॉर्निशचा आहे. आजचे प्रतिकृतीकार नौकेची नक्कल करतो असे समजून प्रतिकृतीचीच नक्कल करतात.

१३/ या चुकीची गंमत पाहायची असेल, तर फ्रेंच कैद्यांची कारागिरी पाहावी. १७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत ब्रिटनमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंचांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून नौकांच्या अप्रतिम प्रतिकृती घडवल्या. त्या पांढऱ्या आहेत. म्हणून नेपोलियनकालीन जहाजे हाडांची होती, असे कोणी म्हणत नाही. तेथे माध्यम आणि वस्तू यांतला फरक सर्वांना कळतो. लाकडाच्या बाबतीत मात्र तो फरक विसरला जातो, कारण दोन्हीकडे लाकूडच आहे.

१४/ दुसरे उगमस्थान समुद्राच्या तळाशी आहे. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि १९६१ मध्ये वर काढली गेली. आज ती संग्रहालयात उभी आहे : गडद, जवळजवळ काळपट तपकिरी. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते की जुनी नौका अशी दिसते. प्रत्यक्षात तो रंग तळाशी घालवलेल्या ३३३ वर्षांचा, गंजलेल्या लोखंडाची ओकमधील टॅनिनशी झालेल्या प्रक्रियेचा, आणि लाकूड टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे फवारलेल्या रसायनाचा आहे.

१५/ बुडाली त्या दिवशी ‘वासा’ कोरी होती. तिने जेमतेम सव्वा किलोमीटर प्रवास केला होता; तिचा डेक नव्या लाकडाचा, आणि तिच्या पिछाडीवरील शिल्पे भडक रंगांत रंगवलेली होती. संग्रहालयात तिची १:१० प्रमाणातील रंगीत प्रतिकृतीही ठेवलेली आहे, ती पाहून लोक चकित होतात. आणि तरीही ‘वासा’ घडवायला बसले की अनेकांचा हात गडद तपकिरीकडेच वळतो. त्यांना १६२८ ची नौका करायची असते, आणि हातून १९६१ चा अवशेष घडतो.

१६/ तिसरे उगमस्थान बाजार. प्रतिकृतीच्या तयार संचात डेकसाठी ज्या लाकडी पट्ट्या मिळतात, त्या स्वस्त, सहज कापल्या जाणाऱ्या आणि खोक्यावरच्या छायाचित्रात उबदार दिसणाऱ्या असतात. पट्टीची रुंदीदेखील सोयीची. १:९६ प्रमाणात ५ मिलिमीटर रुंद पट्टी म्हणजे खऱ्या नौकेवर ४८ सेंटिमीटर रुंद फळी! डेकच्या फळ्या साधारण त्याच्या निम्म्या रुंदीच्या असत. खोके विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा तो आहे. दोष आहे तो खोक्यावरच्या चित्राला पुरावा मानणाऱ्या अभ्यासकाचा.

१७/ चौथे उगमस्थान मनात आहे : जे जुने ते तपकिरी, ही धारणा. जुनी छायाचित्रे तपकिरी, जुनी कागदपत्रे तपकिरी, ऐतिहासिक चित्रपटांतला मेणबत्तीचा उजेड तपकिरी. भूतकाळावर एक पिवळट पडदा टाकला की तो आपोआप ‘ऐतिहासिक’ वाटू लागतो. पण १८०५ च्या माणसासाठी १८०५ हे साल जुने नव्हते. त्याच्या डेकवर सकाळचे लख्ख ऊन पडे, आणि घासलेल्या फळ्यांवरून ते इतके परावर्तित होई की डोळे दिपावेत.

१८/ येथे एक आक्षेप नेहमी येतो : ‘खऱ्या नौका आजही पाहायला मिळतात, त्यांचे डेक पाहा.’ जरूर पाहावेत, पण डोळसपणे. ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरली आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. तिच्यावर आता पहाटे दगड घेऊन गुडघे टेकणारी शेकडो माणसे नाहीत. तिच्या फळ्या वेळोवेळी बदलल्या गेल्या आहेत. जतन केलेली नौका हा अमूल्य पुरावा आहे. परंतु तो नौकेच्या घडणीचा पुरावा आहे, तिच्यावरील दिनक्रमाचा नव्हे.

१९/ आणि जतन केलेल्या नौकेचे रंगही चुकू शकतात. ‘व्हिक्टरी’च्या बाजूंवरचा ठळक पिवळा पट्टा अनेक दशके जगभर प्रसिद्ध होता. रंगाच्या जुन्या थरांचा अभ्यास झाल्यावर २०१५ मध्ये तिला नवा रंग दिला गेला : पूर्वीपेक्षा फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा. कपाटातल्या हजारो प्रतिकृती एका रात्रीत कालबाह्य ठरल्या. अनेकांना तो बदल आवडला नाही. पण पुराव्यापुढे आवडीला मान तुकवावी लागली. जो न्याय बाजूंना लागू झाला तोच डेकलाही लागू व्हावा, एवढीच मागणी आहे.

२०/ आता त्या काळ्या रेषांकडे वळावे. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून भरीत आणि वरून उकळते डांबर ओतीत, म्हणजे पाणी खाली झिरपत नसे. त्या काळ्या रेषा खऱ्या होत्या, यात वाद नाही. वाद जाडीचा आहे. फट सुमारे ६ मिलिमीटर धरली, तर १:९६ प्रमाणात ती ०.०६ मिलिमीटर होते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरची रेषा ओढली की खऱ्या डेकवर जवळजवळ दोन इंचांची फट झाली. त्या फटीत खलाशाचा अंगठा अडकला असता.

२१/ अंतराचेही तसेच. १:९६ प्रमाणातील प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरी नौका ४८ मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरावर मधली हवा रंगांचा भडकपणा कमी करते, काळ्याला करडे करते, आणि बारीक रेषा एकमेकींत विरघळतात. सह्याद्रीच्या एकामागून एक रांगा दूर जाताना फिकट होत जातात, तोच हा नियम लहान मापात. म्हणून प्रतिकृतीवर अस्सल काळा आणि अस्सल तपकिरी या दोन्ही रंगांना जवळजवळ स्थानच नाही.

२२/ फळ्या बसवण्याच्या खिळ्यांचा आणि खुंट्यांचाही असाच अतिरेक होतो. प्रत्येक फळीवर गडद ठिपक्यांची जोडी, जणू डेकला गोवर आला आहे. खुंटी लाकडाचीच, ती फळीबरोबर त्याच उन्हात तापे आणि त्याच दगडाने घासली जाई. पन्नास मीटरवरून ती दिसण्याचे कारण नाही. कारागिराला आपण घेतलेले कष्ट दिसावेत असे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण खलाशांचे कष्ट लपवून स्वतःचे दाखवणे, हा कोणता न्याय?

२३/ तपकिरीचा त्याग करणारे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. डेकवर काळपट पाणी सोडायचे, गंजाचे ओघळ काढायचे, कोपऱ्यांत चिखल भरायचा, आणि त्याला ‘वास्तववाद’ म्हणायचे. हीदेखील तितकीच मोठी चूक. युद्धनौका म्हणजे बेवारस पडलेला पडाव नव्हे. कामचुकार ठरलेल्या माणसाला शिक्षा देणारी यंत्रणा तिच्यावर होती, आणि डागाळलेला डेक ही अधिकाऱ्याची बेअब्रू होती. तिचे वास्तव घाणीत नव्हते. जबरदस्तीने राखलेल्या स्वच्छतेत होते.

२४/ एक तिसरी चूक रक्ताच्या कथेवर पोसली आहे. अठराव्या शतकात अनेक युद्धनौकांच्या कठड्यांची आतली बाजू आणि तोफगाडे गेरूसारख्या तांबड्या रंगाचे असत. ‘सांडलेले रक्त दिसू नये म्हणून’, असे स्पष्टीकरण उत्साहाने दिले जाते, आणि काही जण उघडा डेकही लाल रंगवून टाकतात. तांबडी माती हा स्वस्त, मुबलक आणि टिकाऊ रंग होता, एवढे कारण पुरेसे आहे. सुकलेले रक्त काळपट होते. तांबड्यावर ते लपत नाही. आणि दगडाने घासल्या जाणाऱ्या डेकवर रंग टिकणार तरी कसा?

२५/ मग सर्व डेक सरसकट पांढरट करावेत काय? नाही, इतिहास इतका सोपा नसतो. उघड्या डेकवर ऊन पडे, म्हणून तो रुपेरी-करडा होई. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नसे. तेथील फळ्या घासलेल्या, पण उन्हाने न करपलेल्या. त्यांत मूळ लाकडाचा फिकट पिवळेपणा अधिक टिके. ओलाव्याने रोगराई वाढते हे ध्यानात आल्यावर खालच्या मजल्यांवर कोरडी वाळू वापरून घासण्याचीही रीत होती. एकाच नौकेवर दोन छटा, आणि दोहोंना कारण आहे.

२६/ मुंबईच्या वाचकांना या वादात थेट वाटा आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या : १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. मुंबईच्या कारागिरांचे ते दोनशे वर्षांहून जुने काम आहे.

२७/ सागवान म्हटले की मधाळ तपकिरी रंग ओघानेच आला, असे मानले जाते. ते सागवान दिवाणखान्यातले, पॉलिश केलेले. कोकणातल्या जुन्या घराकडे पाहावे. माजघरातला सागवानी खांब तेलकट हातांनी काळसर तुळतुळीत झालेला असतो. त्याच घराचा, पागोळ्यांखाली आणि उन्हात उभा असलेला बाहेरचा खांब मात्र राखेसारखा करडा. झाड एकच, सुतार एकच. फरक फक्त ऊन-पावसाचा. मुंबईच्या नौकांना माजघर नव्हते.

२८/ आता मराठ्यांच्या आरमाराकडे. उत्सवांत, प्रदर्शनांत गुराब आणि गलबत यांच्या प्रतिकृती मांडल्या जातात, त्यांचे डेकही तसेच चकचकीत तपकिरी फळ्यांचे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या जहाजांचे वर्णन करून ठेवले आहे. गुराबेच्या पुढे झेपावणाऱ्या नाळेवरचा डेक बाजूंनी बंद केलेला नसे, कारण लाटांचे पाणी वर चढून विनाअडथळा वाहून जावे. म्हणजे तो डेक समुद्र स्वतःच धुऊन काढीत होता. त्यावर वॉर्निश कोणी आणि कशासाठी लावावे?

२९/ गलबताविषयीची त्याची नोंद याहून मोलाची आहे. गलबत हे वल्ह्यांचे, चपळ जहाज. मोठ्यातले मोठे क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. वजन कमी राहावे म्हणून अशा बहुतेक गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा डेक असे, आणि त्यावर फिरत्या खुंट्यांवर बसवलेल्या लहान तोफा. बांबूचा! ज्या प्रतिकृतींवर इंग्रजी तऱ्हेच्या रुंद सागवानी फळ्या आणि काळ्या रेषा काढल्या जातात, त्या गलबतांचा डेक कदाचित पेंढ्यासारखा फिकट, उन्हाने विटलेल्या कामट्यांचा होता. येथे चुकीच्या रंगाने एक संपूर्ण रचनाच गिळली आहे.

३०/ मात्र उलट दिशेनेही अन्याय होऊ नये. होलीस्टोन ही एका विशिष्ट काळातील, विशिष्ट नौदलांची रीत होती. ती उचलून कान्होजी आंग्र्यांच्या खलाशांच्या हाती देणे हे नवे असत्य ठरेल. ऊन, खारे पाणी आणि लाकडाचा धर्म सर्वत्र एक. शिस्त, हत्यारे आणि रिवाज ज्याचे त्याचे. प्रतिकृतीकाराने प्रथम विचारावे : ही नौका कोणाची, कोणत्या सालातली, पाण्यात उतरून तिला किती काळ झाला, आणि तिचा डेक कोण, कशाने धूत होते? रंगाची निवड त्यानंतर.

३१/ शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : ‘प्रतिकृती ही कला आहे, तपकिरी रंग सुंदर दिसतो, तेवढे पुरे.’ कलेला स्वातंत्र्य आहे, ते कोणी हिरावून घेऊ नये. शोभेची नौका करावी, ती दिवाणखान्यात मिरवावी, आणि तिला शोभेची म्हणावे. परंतु पेटीवर नौकेचे नाव आणि साल लिहिले, की तो ऐतिहासिक दावा झाला. शाळेतला एखादा मुलगा ती पाहून इतिहास शिकतो. तोफांची संख्या चुकली तर जे खजील होतात, त्यांनी डेक चुकल्यावर सौंदर्याची ढाल पुढे करू नये.

३२/ आणि तो फिकट डेक कुरूप असतो, हे तरी कोणी ठरवले? फिक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या घ्याव्यात. फळीगणिक छटा किंचित बदलावी, कारण एका झाडाच्या दोन फळ्याही सारख्या विटत नाहीत. फटींसाठी काळ्या शाईऐवजी टोकदार शिसपेन्सिलीची करडी रेषा पुरते. वर अतिशय पातळ राखाडी हात द्यावा आणि शेवट चमक नसलेल्या लेपाने करावा. मग काळे दोर, पिवळे पट्टे, तांबडे तोफगाडे त्या फिकटपणावर कसे उठून दिसतात, ते पाहावे.

३३/ असा डेक पाहणारा कदाचित विचारील, ‘हा एवढा पांढरा का?’ तो प्रश्न विचारला जाणे हेच प्रतिकृतीचे यश. कारण मग पहाटेची पाळी सांगता येते, वाळू आणि दगड सांगता येतो, थंड पाण्यात टेकलेले गुडघे सांगता येतात. मुंबईच्या गोदीतले सागवान आणि गलबतावरचा बांबूही सांगता येतो. मधाळ तपकिरी डेकला कोणी काही विचारीत नाही. तो पाहून लोक छान म्हणतात आणि पुढच्या पेटीकडे जातात.